तिरकी खुंटी

तलवाडा, ता. गेवराई
९ नोव्हेंबर २०२४

चि. रामकिसन यास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? या महिन्यात शुगर किती भरली? सकाळचं चालणं सुरू आहे की बंद पाडलंस? सत्यभामाचे गुडघे काय म्हणतात? तिला म्हणावं, जिना उतरताना कडेचा गज धरत जा. तुझ्या सासूबाईंना कानाचं यंत्र बसवलं म्हणे. आता तरी त्यांना तुझं बोलणं ऐकू येतं का? योगिता बरी आहे हे मी डोळ्यानंच बघितलं, पण पोर लई वाळली. नोकरी एवढी गोड लागली का, की जेवायचं विसरली?

इकडं तुझ्या छबुवहिनीची बीपीची गोळी अर्ध्याची पूर्ण झाली. आमच्या सुरजच्या पाठीत उसण भरलती, आता उठतो-बसतो आहे. त्याची संस्कृती बारावीला गेली, तिला चष्मा लागला. म्हैस आटली. मी बरा आहे.

अकरा वर्षांत हे माझं पहिलंच पत्र. फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी फोन तोडायला बोट पुरतं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर विचारायचं ते असं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी योगिता आली, टॉवेलात गुंडाळलेली एक फळी घेऊन. मी आधी पोळपाट समजलो. उघडून बघतो तर आपल्या विहिरीवरची आबाची फळी! म्हणजे हुबेहूब तशी. तेवढीच लांब, चार भोकं, एक खुंटी. पहिलं भोक माझं, दुसरं तुझं, तिसरं बिभीषणाचं, चौथं शहादेवचं. ज्याचं भिजवून झालं त्यानं खुंटी पुढच्याच्या भोकात ठोकायची, म्हणजे पाण्याची पाळी कुणाची हे येणाऱ्याला कळतं. फक्त या फळीच्या पोटात तारा आहेत, फोनचं सिमकार्ड आहे, आणि मोटारीच्या खोलीवर तिनं ताटाएवढी सोलरची पाटी बसवली. खुंटी हलली की आम्हा तिघांच्या फोनवर मेसेज पडतो.

"मोठे बाबा, हा कंप्युटरच आहे," ती म्हणाली. "फक्त याला पडदा नाही आणि बटणं नाहीत. खुंटी हलवली की झालं."

मी म्हणालो, "मग आबाच्या फळीत काय कमी होतं?"

"काहीच नाही. म्हणून तर तशीच केली. माझं कामच हे आहे. माणूस नुसत्या डोक्यानं विचार करत नाही, हातातल्या वस्तूनं पण करतो. लक्षात पण वस्तूतच ठेवतो. आबांची फळी म्हणजे चार घरांचं मिळून एक डोकं होतं."

बोलणं गोड आहे पोरीचं. बिभीषणाला तर एवढं आवडलं की त्यानं लगेच आबाची जुनी फळी काढून ही ठोकली. पण मी चौथी नापास माणूस. वाचायला शिकलो ते खताच्या गोण्यांवरून, आणि रेडिओ दुरुस्त करायला शिकलो तो बंद पडलेला रेडिओ उघडून. फुकट आलेली वस्तू मागच्या बाजूनं बघायची मला खोड आहे. योगिता गेल्यावर चार स्क्रू काढले. आत फारसं कळलं नाही, पण एवढं दिसलं, की बाकी तीन भोकांना दोन-दोन तारा आहेत आणि तुझ्या भोकाला पाच. फळीवर दिवा एकच आहे, तोही तुझ्याच भोकाखाली. आणि तो कधी लागत नाही.

तू इथलं पाणी अकरा वर्षांत घेतलं नाहीस. तुझं दोन एकर मी पडीक पडू दिलं नाही, दरसाल ज्वारी पेरतो. मग दिवा तुझ्याच भोकाला कशासाठी? पोरीला तू पाठवलंस का? मनात काय आहे ते एकदा सरळ कळव.

योगिताबरोबर मोसंबीची गोणी दिली आहे. आंबट निघाली तर तेही कळव.

अर्जुनराव


२५ नोव्हेंबर २०२४

चि. रामकिसन,

तुझं उत्तर नाही. सासूबाईंचं कानाचं यंत्र चाललं की नाही, एवढं कळवायला काय जात होतं?

आता ऐक. तू आमच्यावर नजर ठेवून आहेस हे मी सिद्ध केलं आहे.

गेल्या सोमवारी पाळी बिभीषणाची होती. त्या आठवड्यात लाईट दिवसाची, ती बाराला येणार होती. मी साडेअकराला एकटाच विहिरीवर गेलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बिभीषणाच्या भोकातली खुंटी काढली आणि शहादेवच्या भोकात घातली. कारण काही नाही, नुसती परीक्षा. मग कठड्यावर बसून हातातल्या घड्याळाकडं बघत राहिलो.

नवव्या मिनिटाला फोन वाजला. योगिता.

"मोठे बाबा, विहिरीवर सगळं ठीक आहे ना? पाळी मध्येच बदलली का?"

मी म्हणालो, "फळी पुसत होतो."

"अच्छा. मग ठीक आहे. नाही, बाबा..." एवढं बोलून ती थांबली.

"बाबा काय?"

"काही नाही. उन्हात बसू नका." आणि फोन ठेवला.

बाबा काय, रामकिसन? तू शेजारी बसून तिला फोन करायला लावलास की नाही? पुण्यात बसून तुला कळतं, की तलवाड्यात एका माणसानं एक लाकडाचा तुकडा एका भोकातून दुसऱ्यात घातला. चाकणच्या कारखान्यात तू मशिनांवर डोळा ठेवायचास, आता भावावर ठेवतोस.

फोन आल्यावर मी असा तडक उठलो की खुंटी परत जागेवर ठेवायचं राहूनच गेलं. तसाच घरी आलो. मेसेज मात्र पडला होता: पाळी शहादेवची. बिभीषणानं तो बघितला, त्याला वाटलं आपली पाळी पुढं ढकलली, तो गेवराईच्या बाजाराला निघून गेला. शहादेवनं बघितला, त्यानं मोटार चालू केली. संध्याकाळी दोघं विहिरीवर समोरासमोर.

"मोटार कावून चालू केली बे?"

"मेसेज आलता मला! वाच की. वाचता येत न्हाई का?"

"मेसेज काय तुझ्या बापानं पाठवला का?"

"बापाचं नाव काढू नको, बिभीषण. माझा बाप तुझ्या बापाआधी या विहिरीत उतरलाय."

मी मध्ये पडून दोघांची समजूत काढली. म्हणालो, मशीन आहे, चुकत असेल. तुला खरं सांगतो कारण तू इथं नाहीस: ते मशीन चुकलं नव्हतं. पण मी काय म्हणणार होतो? आणि बिभीषणाचा गहू एका चुकलेल्या पाण्यानं काही मरत नाही.

तुझी वहिनी माझ्यावर हसते. म्हणते, "अवो, त्या फळीला काय डोळे हायत का? विहिरीवर जाता तवा तिच्याकडं पाठ करून बसता म्हणं." मी म्हणालो, डोळे नसतील, पण तिच्या मागं कुणीतरी बसलं आहे. त्यावर ती परातीकडं वळली. भाकरी थापत राहिली. तीही तुला सामील आहे का अशी शंका मला आता येते.

उत्तर पाठव.

अर्जुनराव


८ डिसेंबर २०२४

चि. रामकिसन,

हे तिसरं पत्र. आज तब्येती विचारत नाही.

परवा बिभीषण घरी आला. चहा घेतला, बशी पालथी घातली आणि फोन काढून माझ्यापुढं धरला. त्याला कळलं आहे, की या फळीला मागचं सगळं आठवतं. महिनाभरात खुंटी कुणाच्या भोकात किती वेळ बसली, ते त्या फोनवर हिरव्या पट्ट्यांनी दिसतं. त्याची पट्टी बोटभर. शहादेवची बोटभर. माझी दोन बोटं. आणि तुझ्या नावापुढं काहीच नाही, कोरी जागा.

"अर्जुनराव, ही दुसरी पाळी कुणाची?"

मी म्हणालो, "माझ्या मोसंबीला जास्त लागतं."

"मोसंबीला लागतंय ते दिसतंय. मी इचारलं, पाळी कुणाची?"

मी त्याची बशी उचलून बाजूला ठेवली.

तेव्हा तो हळूच म्हणाला, "आमाला ठाऊक नव्हतं असं न्हाई. रामकिसनचं पाणी तुमी घेता, सगळ्या शिवाराला ठाऊक हाय. पण ठाऊक असणं येगळं, आन् असं समोर टांगलेलं दिसणं येगळं. आता माझी बायको बी इचारती, की आपुन गप कावून बसलो."

झालं. हेच तुला पाहिजे होतं ना? म्हणून तुझ्या भोकाला पाच तारा. पोरीच्या हातानं पुरावा गोळा केलास. उद्या वकील करशील, परवा मोजणीवाले आणशील. आणायचे तर आण, पण भावानं भावाला दगा द्यायचा तर तोंडावर येऊन द्यावा. खेळण्यासारखी फळी पाठवून नाही.

आबाच्या फळीत ही खोड नव्हती. ती फक्त आजचं सांगायची. काल खुंटी कुठं होती, परवा कुठं होती, ते तिला विचारायची सोय नव्हती. खुंटी पुढं गेली की मागचं भोक मोकळं, त्यात बघितलं तर पलीकडचं ऊन दिसायचं. चार घरं एका विहिरीवर सत्तर वर्षं नांदली ती काय सगळं लक्षात ठेवून? मी तर म्हणतो त्या फळीचा विसराळूपणाच आम्हाला उपयोगी पडला. योगिताच्या शहाणपणात एवढं एक बसलं नाही. डोक्याला विसरता येतं. तिच्या फळीला येत नाही.

आज दुपारी मी ती काढली. तारा तोडल्या नाहीत, हळूच सोडवल्या. घरात ज्वारीच्या कणगीमागं पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. आबाची फळी होती तिथं परत ठोकली. बिभीषणाला सांगितलं, बिघडली.

आता बघ पुण्यात बसून काय दिसतं ते.

अर्जुनराव


१५ डिसेंबर २०२४

चि. रामकिसन,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं.

गुरुवारी दुपारी योगिता आली. न कळवता, एसटीनं, खांद्याला नुसती पर्स. तुझ्या वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो तिनं घेतला नाही.

"मोठे बाबा, फळी कुठं आहे?"

"बिघडली."

"बिघडलेली कळते मला. ही काढली आहे. कुठं आहे?"

मी कणगीकडं बोट केलं. ती ओट्यावर बसली. एवढ्या मोठ्या पोरीनं पदर नसताना दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "चार दिवस झाले. बाबा त्यांच्या फळीवरचा हात काढत नाहीत. सारखे तिथं बोटं ठेवून बसलेत. जेवायला भरवलं तर मान फिरवतात."

मी म्हणालो, "भरवलं? भरवायला तो काय तान्हा आहे?"

तेव्हा तिनं सांगितलं. गेल्या वर्षी भाद्रपदात तुला अर्धांगाचा झटका आला. पाय आठ महिन्यांनी चालायला लागला, हात थोडा आला, बोलणं काही आलं नाही. सत्यभामाला तू भांडणाच्या वेळी सांगितलं होतंस, मी मेलो तरी तलवाड्याला कळवायचं नाही. ती बाई ते धरून बसली.

खरं सांगतो, रामकिसन, तरी माझा विश्वास बसला नाही. मनात पहिलं हेच आलं, की ही नवीन चाल आहे, पोरीला रडायला शिकवून पाठवलं. मी म्हणालो, "दाखव." माझ्या तोंडून तो शब्द गेला याची मला लाज वाटते, पण गेला. तिनं फोनवर तुझा व्हिडिओ दाखवला.

तू खिडकीपाशी बसला आहेस. केस पार पांढरे. पुढं टेबलावर तशीच एक फळी, चार भोकं, एक खुंटी. योगिता सांगत होती आणि मी बघत होतो. इथं खुंटी हलली, की तिकडं त्याच भोकाखाली टकटक होते. बोट ठेवलं की कळतं, आता शहादेवची पाळी सुरू झाली, आता बिभीषणाची. हॉस्पिटलात तुला चित्रं दाखवली, फोटो दाखवले, नावं विचारली, तुला काही ओळखू आलं नाही. एक दिवस तू जेवणाच्या टेबलावर चार वाट्या ओळीनं मांडल्यास आणि चमचा एकीतून दुसरीत ठेवत बसलास. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवरून तिला आबाची फळी आठवली. तेव्हा तिनं ही बनवली. आमच्यासाठी म्हणून नाही. तुझ्यासाठी. आम्हाला सांगितलं असतं तर मी घेतली नसती हे पोरीनं बरोबर ओळखलं.

नऊ मिनिटांचा खुलासाही झाला. मी खुंटी बिभीषणाच्या भोकातून मध्येच उचलली तेव्हा तू टेबलावर थापा मारायला लागलास. वर्षभरात तुझा एवढा आवाज निघाला नव्हता. बिभीषणाची पाळी मोडली हे तुला कळलं होतं! नजर नव्हतास ठेवत. विहिरीवर होतास.

माझी पत्रं योगितानंच तुला वाचून दाखवली म्हणे. परीक्षेचं पत्र ऐकताना तू हसलास. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसलास.

पण व्हिडिओत मला जे दिसलं ते तुझ्या पोरीला आजपर्यंत दिसलेलं नाही. योगिता म्हणाली, "बाबा खुंटी स्वतः उचलतात तेव्हा नेहमी दुसऱ्याच भोकात ठेवतात, आणि कधीच सरळ बसवत नाहीत. डॉक्टर म्हणतात हातात ताकद नाही. मी भोक मोठं केलं, तळाशी लोहचुंबक लावला, तरी तिरकीच. सरळ बसून दहा सेकंद तशीच राहिली तर विहिरीवर त्यांच्या भोकाखालचा दिवा लागेल अशी सोय केली होती. म्हणून त्या जास्तीच्या तारा. तो दिवा एकदाही लागला नाही."

मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तू खुंटी आधी सरळच बसवलीस. मग लगेच अंगठ्यानं तिला बाहेरच्या बाजूला दाबलंस. ताकद नसलेला हात असं करत नाही.

मी पोरीला सांगितलं. तिरकी खुंटी म्हणजे पाळी अर्धी राहिली. लाईट गेली, मोटार जळली, माणूस मध्येच उठून गेला, तर खुंटी त्याच भोकात ठेवायची पण तिरकी करायची. म्हणजे दुसऱ्यानं हात लावायचा नाही, याचं उरलेलं पाणी बाकी आहे. आबानं घालून दिलेली रीत. त्या विहिरीवर पाणी धरलेल्या माणसांनाच माहीत. पुण्यात वाढलेल्या पोरीला कोण सांगणार?

तिनं विचारलं, "मग बाबांची कुठली पाळी अर्धी राहिली?"

मी चपला घातल्या. विहिरीकडं जाऊन आलो. उत्तर आता तुला देतो, तुला माहीत असलं तरी.

२०१३ चा मार्च. विहिरीत पुरुषभर पाणी. तू रजा टाकून कांद्याला पाणी द्यायला आलतास. अर्धे वाफे झाले आणि लाईट गेली. तू खुंटी तिरकी केलीस आणि जेवायला घरी गेलास. माझी मोसंबीची रोपं त्या वेळी करपत चालली होती. लाईट आली तेव्हा विहिरीवर मी होतो. मी खुंटी सरळ केली, मोटार चालू केली, पाणी माझ्याकडं फिरवलं. तू परत आलास, ओरडलास. बिभीषण आणि शहादेव जमा झाले. आणि मी त्या दोघांसमोर म्हणालो, खुंटी सरळ होती, याची पाळी झाली होती, पुण्यात राहून हा खोटं बोलायला शिकला.

तू एकदाच म्हणालास, "दादा, मी तिरकी केलती." मग तसाच एसटीला गेलास.

अकरा वर्षं त्या मोसंबीनं तुझं पाणी पिलं. तुझ्या रानात मी ज्वारी पेरतो ते खरं, पण कोरडवाहू पेरतो. दिवाळीला दिलेली गोणीही तुझ्याच पाण्याची होती.

तुझी भाषा गेली, माणसांची नावं गेली, आणि तुझ्या अंगठ्यानं तेवढं धरून ठेवलं. ते तू मला ऐकवत होतास की स्वतःलाच, ते मला कळत नाही. माझा स्वभाव असा की मला ते ऐकवणंच वाटतं. आणि वाटलं तर चुकीचंही नाही.

फळी काढून तुझ्या हाताखालची विहीर मी चार दिवस बंद केली. योगितानं जाण्याआधी ती परत बसवून दिली. तिनं विचारलं, "इथली खुंटी तिरकी केली तर तेही तिकडं कळावं, असं करू का?" मी हो म्हणालो.

तुझ्या तोंडात घास गेला का, ते सत्यभामाला कळवायला सांग.

अर्जुनराव


२२ डिसेंबर २०२४

चि. रामकिसन,

सत्यभामाचा फोन आला. अकरा वर्षांनी तिचा आवाज ऐकला, तोही "भाऊजी, ह्यांनी दीड पोळी खाल्ली" एवढाच, मग तिनं फोन ठेवला.

आता इथलं ऐक. आज सकाळी दहाला मी बिभीषण आणि शहादेवला विहिरीवर बोलावलं. सुरज आणि तुझी वहिनीही आली. जिथं उभा राहून तुला खोटा ठरवलं, तिथंच उभा राहून सांगितलं. खुंटी तिरकी होती. ती मी सरळ केली. रामकिसन खरं बोलला होता.

बिभीषणानं पायाजवळचा खडा उचलून विहिरीत टाकला. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वर्षं आमी त्याला खोटारडा म्हणत आलो. लगीन झालं माझ्या पोरीचं, त्याला पत्रिका न्हाई टाकली. तुमच्या शब्दावर."

मी म्हणालो, "माझ्याच शब्दावर."

शहादेवला भलतंच सुचलं. "आन् त्या सोमवारचा मेसेज? तो बी तुमीच?"

"तोही मीच."

"मग मी बिभीषणाच्या शिव्या फुकट खाल्ल्या की!"

"फुकट न्हाई," बिभीषण म्हणाला, "त्यातल्या थोड्या तुझ्या नावाच्या बी हुत्या."

हसले दोघं, पण माझ्याकडं बघून कुणी हसलं नाही. ते बरोबरच आहे. तुझ्या वहिनीला मी आधी घरी सांगितलं होतं, ती इकडं येताना वाटेत एवढंच म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं हुतं. तुमी जेवताना मान वर केली न्हाई." तिनंही अकरा वर्षं ते पोटात ठेवलं. मी जिच्यावर तुला सामील असल्याची शंका घेतली, ती मला सामील होती.

मग मी खुंटी तुझ्या भोकात घातली आणि तिरकी केली. मोटार चालू केली आणि पाणी तुझ्या रानाकडं सोडलं. तुझी राहिलेली अर्धी पाळी. मोसंबीच्या पाटाचं तोंड मातीनं बुजवलं. तुझ्या ज्वारीत पाणी फिरवायला दारं मीच धरली, सुरजला हात लावू दिला नाही. गुडघ्याएवढ्या भेगा आहेत तुझ्या जमिनीला. पाणी आत जाताना गुडगुड आवाज येत होता, माणूस तहानेनं घोटभर पितो तसा. सव्वादोनला शेवटचा वाफा भरला आणि मी मोटार बंद केली.

आता रीत तुला माहीत आहे. ज्याची पाळी, खुंटी त्यानं हलवायची. मी हात लावणार नाही. एकदा लावला तेवढा पुरे झाला. तुझं पाणी पोचलं असं तुला वाटलं, तर तू तिकडं खुंटी सरळ कर. इथं तुझ्या भोकाखाली दिवा लागेल. तो लागला की मगच बिभीषण खुंटी त्याच्या भोकात घेईल. त्यानं आणि शहादेवनं हे कबूल केलं आहे. तोपर्यंत विहीर बाकीच्यांना बंद.

हे पत्र संस्कृती फोनवर फोटो काढून आत्ता पाठवते आहे. पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर गहू वाळेल.

योगिता, हे तूच वाचून दाखवते आहेस हे मला माहीत आहे. पोरी, माझा स्वभाव जात नाही, म्हणून सांगतो. दया येऊन मध्ये बोट घालू नको. तुझ्या बोटानं लागलेला दिवा आणि त्याच्या अंगठ्यानं लागलेला दिवा मला इथून वेगळा ओळखता येणार नाही, तेच मला खातं आहे. सत्यभामाला शेजारी बसव. तिनं अकरा वर्षं शब्द पाळला, तिच्यावर माझा विश्वास आहे.

रामकिसन, नाही सरळ करावीशी वाटली तर करू नको. अकरा वर्षांचं पाणी एका दुपारी फिटत नाही, एवढं मलाही कळतं. तिरकी ठेवणं हा तुझा हक्क आहे. मग उद्या मी परत तुझ्या रानात पाणी सोडीन, परवा परत सोडीन, आणि बिभीषणाच्या पाया पडून त्याला थांबायला सांगेन. फक्त माझं हे म्हणणं तुझ्यापर्यंत पोचलं, एवढं कसंही कळू दे. टेबलावर थाप मार, योगिता फोन करील.

बिभीषण मघापासून दर अर्ध्या तासानं येतो, तुझ्या भोकाकडं वाकून बघतो आणि माघारी जातो. त्याचा गहू बुधवारच्या पुढं दम धरणार नाही. मी इथंच कठड्यावर बसलो आहे. लवकर कळव.

तुझा
अर्जुन